‘वर्कस्टेशन’ : संज्ञा, इतिहास व लक्षण

१. विषयप्रवेश

हस्तलिखितांच्या संग्राहकांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवें काम येऊन पडलें आहे. पोथी मिळवावी, पानें लावावीं, वेष्टण बदलावें व सूचींत नोंद करावी, एवढ्यावर पूर्वीं भागत असे. आतां तिचें प्रत्येक पान स्कॅन करून संगणकांत ठेवावें लागतें. कागद जीर्ण होतो, शाई कागद खाते, कसर आपलें काम सोडीत नाहीं. तेव्हां कित्येक पोथ्यांच्या बाबतींत असा दिवस येणार आहे, कीं मूळ पोथी हातांत धरण्याजोगी राहणार नाहीं व संगणकांतील प्रतच प्रमाण मानावी लागेल. येणेंप्रमाणें संगणक हा आमच्या शास्त्रांतला सांप्रतचा ‘लेखक’, म्हणजे नक्कल उतरणारा, झाला आहे. लेखकाची योग्यता पारखल्यावांचून त्याची प्रत स्वीकारूं नये, हा तर पाठचिकित्सेचा पहिला दंडक होय.

हा लेखक विकत घेण्यास बाजारांत जावें तों दोन जातींचीं यंत्रें पुढें ठेवण्यांत येतात. एकास पर्सनल कॉम्प्युटर म्हणतात व दुसऱ्यास वर्कस्टेशन. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट, कधीं त्याहूनही अधिक असते. बाहेरून पाहिलें तर दोहोंची पेटी सारखीच. विक्रेत्यास भेद विचारला तर ‘हें अधिक शक्तिमान’ एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर एके काळीं खरें होतें; आज तें भेद सांगण्यास पुरेसें नाहीं. हा भेद नुसता नांवाचा आहे कीं वस्तूचा, आणि वस्तूचा असल्यास नेमका कोठें आहे, याचा ऐतिहासिक क्रमानें विचार करण्याचें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. लक्षण हें अव्याप्ति, अतिव्याप्ति व असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावें, हें तर्कशास्त्राचा आरंभ करणारा विद्यार्थीही जाणतो. त्याच कसोटीस हें नांव लावून पाहूं.

२. संज्ञेचा उदय

संगणक मुळांत एकट्या माणसाचा नव्हता. १९६० नंतरच्या दशकांत मोठें यंत्र संस्थेच्या एका दालनांत असे व पुष्कळ जण आपापल्या टर्मिनलापुढें बसून त्याचा वेळ वांटून घेत. धर्मशाळेंतील विहिरीसारखाच हा प्रकार होता : पाणी सर्वांचें, पण पोहरा पाळीनें सोडावयाचा. गर्दी वाढली कीं प्रत्येकाचें काम मंदावत असे.

या व्यवस्थेपासून फारकत घेणारें एक महत्त्वाचें यंत्र १९७३ सालीं तयार झालें. कॅलिफोर्नियांत पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीचें संशोधनकेंद्र होतें. तेथें चार्ल्स थॅकर, बटलर लॅम्पसन प्रभृतींनीं ‘आल्टो’ नांवाचा संगणक बांधला. तो एका माणसाचा होता व त्याच्या मेजापाशींच असे. त्याचा पडदा कागदाच्या पानासारखा उभा असून रुंदींत ६०६ व उंचींत ८०८ बिंदु होते. एका बिंदूस एक बिट याप्रमाणें हिशेब केला तर ४,८९,६४८ बिट, म्हणजे सुमारें ६१ हजार बाइट होतात. यंत्राची मूळची मेमरी १२८ किलोबाइट, म्हणजे १,३१,०७२ बाइट होती. एतावता जवळजवळ अर्धी मेमरी केवळ पडद्याच्या पायीं खर्ची पडली. तत्कालीन दृष्टीनें ही उधळपट्टीच होय. परंतु तिच्यामुळें पडद्यावरील प्रत्येक बिंदु स्वतंत्रपणें उजळतां किंवा विझवितां येऊं लागला, आणि अक्षर, आकृति व चित्र यांतील भेद यंत्रापुरता नाहींसा झाला. माउस व इथरनेटचें जाळें हीं अंगेंही त्यास जोडलेलीं होतीं. आल्टो बाजारांत विक्रीस आला नाहीं. पण पुढील वर्कस्टेशनांचा मूळपुरुष म्हणून त्याचेंच नांव घ्यावें लागतें.

त्यानंतर १९८० च्या सुमारास पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत राज रेड्डी व त्यांचे सहकारी यांनीं अशा यंत्राचें एक सुटसुटीत माप ठरविलें. त्यास ‘तीन एम्’ असें म्हणत. दहा लक्ष बाइटांची मेमरी, दहा लक्ष बिंदूंचा पडदा व सेकंदास दहा लक्ष आज्ञा पाळणारा प्रोसेसर, हे ते तीन. किंमत दहा लक्ष पेनी, म्हणजे १०,००० डॉलर, असावी, असा चौथा ‘एम्’ कोणी विनोदानें जोडीत. वर्कस्टेशनाचें पहिलें रीतसर लक्षण म्हणून आम्ही यासच मान देतों, कारण यांत नांवापेक्षां मापास महत्त्व आहे.

या मापाकडे धांव घेणाऱ्या कंपन्या लागोपाठ निघाल्या. मॅसॅच्यूसेट्स प्रांतांतील अपोलो कंपनीची स्थापना १९८० सालीं झाली व तिचें ‘डी. एन्. १००’ हें यंत्र १९८१ सालीं निघालें. त्यांत मोटोरोलाचे ६८००० जातीचे दोन प्रोसेसर घातलेले होते. हवें असलेलें पान मेमरींत न सांपडल्यास हा प्रोसेसर अर्धवट राहिलेली आज्ञा पुन्हां नीट उचलूं शकत नसे. म्हणून एक अडला कीं त्यास थांबवून ठेवून दुसऱ्यानें तें पान आणून द्यावें, अशी योजना होती. १९८२ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जाळ्यासाठीं अँडी बेक्टॉल्शाइम यांनीं रचिलेलें यंत्र हें तिचें भांडवल, व त्या विद्यापीठाच्या जाळ्याच्या नांवाचीं आद्याक्षरें हेंच तिचें नांव. तिच्या संस्थापकांत विनोद खोसला हे होते. त्यांचा जन्म १९५५ सालीं पुण्यांत झाला, ही गोष्ट येथील वाचकांस नोंद करून ठेवण्यासारखी वाटेल. जिम क्लार्क यांची सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीही याच सुमाराची. त्रिमितीय आकृतींचें गणित करणारी स्वतंत्र चिप हें तिचें वैशिष्ट्य होतें.

३. समकालीन पर्सनल कॉम्प्युटर

याच काळांत दुसरा वंश वाढत होता. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम्. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यांत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर, मूळची मेमरी १६ किलोबाइट आणि आरंभीची किंमत १,५६५ डॉलर होती. तीन एम्‌च्या मापाशीं ताडून पाहिलें तर मेमरी साठांशाहूनही कमी भरते. त्याच्या अक्षरी पडद्यावर २५ ओळी व ओळींत ८० अक्षरें, म्हणजे सारीं २,००० अक्षरें मावत. अक्षर व त्याचा गुण मिळून दोन बाइट धरले तरी ४,००० बाइटांत सबंध पडदा आटोपे. आल्टोच्या ६१ हजारांशीं याची तुलना करावी. ही काटकसर साधण्याचें कारण असें, कीं अक्षरांचे ठसे एका चिपेंत आधींच कोरून ठेवलेले असत व यंत्र फक्त ‘अमक्या जागीं अमुक क्रमांकाचा ठसा’ एवढेंच सांगे.

या एका भेदाचा परिणाम आमच्या लिपीवर प्रत्यक्ष झाला. कोरलेल्या ठशांत देवनागरी नव्हती. आणि रोमन अक्षरासाठीं आंखलेल्या चौकटींत जोडाक्षर, वेलांटी, रफार व अनुस्वार बसविणें सोपें नव्हतें. ज्या यंत्राचा प्रत्येक बिंदु मोकळा आहे, त्यास कोणतीही लिपि परकी नसते. ज्याचे ठसे ठरलेले, त्यास आपली लिपि सोडून सर्व परक्या. म्हणूनच सामान्य संगणकावर भारतीय लिप्या उमटविण्याकरितां वेगळें ‘जिस्ट कार्ड’ खोंचावें लागे. त्याचा उगम कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें झाला व पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तें काम वाढविलें. तात्पर्य, त्या काळीं वर्कस्टेशन व पर्सनल कॉम्प्युटर यांतील भेद डोळ्यांनीं दिसणारा होता. त्यासाठीं तर्क लढविण्याची गरज नव्हती.

४. भेदांचा लोप

मोठा पडदा, मोठी मेमरी, वेगवान गणित, जाळ्याशीं संबंध व एकाच वेळीं अनेक कामें सांभाळणारी युनिक्ससारखी कार्यप्रणाली, हीं वर्कस्टेशनाचीं पांच अंगें १९८५ च्या आसपास सर्वमान्य होतीं. हीं पांचही पुढील पंधरा वर्षांत एकामागून एक दुसऱ्या पक्षाकडे गेलीं.

इंटेलचा ८०३८६ हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर १९८५ चा. अपूर्णांकांचें गणित करणारी ८०८७ ही चिप १९८० सालीं वेगळी विकत घ्यावी लागे. १९८९ च्या ८०४८६ मध्यें तें काम प्रोसेसराच्या पोटांतच आलें. १९९१ सालीं लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं लिनक्सचा आरंभ केला, तो युनिक्सच्या वळणाचा असून सामान्य ३८६ यंत्रावर केला. १९९३ सालीं मायक्रोसॉफ्टचें विंडोज एन्. टी. निघालें. १९९५ च्या पेंटियम प्रोनें वेगाचें उरलेंसुरलें अंतर पुष्कळ कमी केलें. जाळें तर घरोघर पोंचलें.

उलट पक्षीं वर्कस्टेशनांच्या कंपन्यांचा इतिहास पाहावा. ह्यूलेट-पॅकार्डनें अपोलो १९८९ सालींच विकत घेतली. सननें १९८७ सालीं स्पार्क हा स्वतःचा प्रोसेसर काढून कांहीं वर्षें बाजार गाजविला. २०१० सालीं ती ओरॅकलच्या स्वाधीन झाली. सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर ‘जुरासिक पार्क’ या १९९३ च्या चित्रपटांतील प्राणी चालूं लागले. त्याच कंपनीनें १९९९ सालीं इंटेलचे प्रोसेसर व विंडोज एन्. टी. घेऊन यंत्रें काढलीं, २००६ च्या अखेरीस आपल्या जुन्या वंशाचें उत्पादन बंद केलें, व २००९ सालीं दिवाळखोरीचा अर्ज केला. धनी गेले, पण नांव मागें राहिलें. आज वर्कस्टेशन म्हणून जीं यंत्रें विकलीं जातात, त्यांपैकीं बहुतेकांचा प्रोसेसर पर्सनल कॉम्प्युटरच्याच कुळांतला असतो.

आतां तीन एम्‌चें जुनें लक्षण लावून पाहावें. दहा लक्ष बाइट, दहा लक्ष बिंदु, सेकंदास दहा लक्ष आज्ञा, हें सर्व खिशांतील फोनांतही कित्येक पटींनीं आहे. म्हणजे लक्षणाची अतिव्याप्ति इतकी झाली, कीं तें लक्षणच राहिलें नाहीं. ‘अधिक शक्तिमान’ म्हणावें तर खेळ खेळण्याकरितां घेतलेला संगणक कित्येक वर्कस्टेशनांहून वेगवान असतो. मग अधिक पैसे मोजावयाचे ते कशाबद्दल?

५. उरलेला भेद

याचें उत्तर मेमरींत सांपडतें. मेमरींत प्रत्येक बिट म्हणजे विजेचा अत्यल्प संचय. तो असला तर एक, नसला तर शून्य. हा संचय कधीं आपोआप बदलतो. टिमोथी मे व मरे वुड्स या इंटेलमधील दोघां संशोधकांनीं १९७९ सालीं असें प्रसिद्ध केलें, कीं चिपेच्या वेष्टणांत लेशमात्र असलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवितात. अंतराळांतून येणाऱ्या किरणांमुळेंही तसें घडतें. याखेरीज चिपेचा एखादा भागच सदोष असूं शकतो. गुगलच्या यंत्रांवर अडीच वर्षें केलेलें निरीक्षण २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत वर्षाकाठीं सुमारें एक-तृतीयांश यंत्रांत व शेंकडा आठांहून अधिक मेमरीपट्ट्यांत निदान एक चूक आढळली. आणि चुकांचा मोठा भाग क्षणिक आघातांचा नसून सदोष भागांचा असावा, असा निष्कर्ष निघाला. ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण क्षणिक आघात एकदां होऊन जातो, सदोष भाग मात्र पुन्हां पुन्हां चुकतो.

चूक ओळखण्याचा सोपा उपाय जुना आहे. दर आठ बिटांमागें नववा बिट ठेवावा व एकूण एकांची संख्या सम कीं विषम याची त्यांत नोंद करावी. यास पॅरिटी म्हणतात. एक बिट बदलला कीं नोंद जुळत नाहीं व चूक झाल्याचें कळतें. कोठें झाली तें मात्र कळत नाहीं. दुसरा उपाय रिचर्ड हॅमिंग यांचा. बेल प्रयोगशाळेंतील यंत्र चूक ओळखीत असे, परंतु सुटीच्या दिवशीं जवळ माणूस नसला म्हणजे तें काम टाकून पुढच्याकडे वळे. यंत्रास चूक ओळखतां येते तर तिची जागा शोधून ती सुधारतां कां येऊं नये, या विचारांतून त्यांनीं जी रीत बसविली, ती १९५० सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या वाढविलेल्या रूपांत ६४ बिटांमागें ८ जादा बिट ठेवतात. एक बिट चुकल्यास यंत्र तो जागेवर सुधारतें. दोन चुकल्यास सुधारूं शकत नाहीं, पण चूक झाली असें सांगतें. अशा मेमरीस ‘ई. सी. सी. मेमरी’ हें नांव आहे.

वैदिकांच्या परंपरेंत याचीं दोन्हीं रूपें वाचकांच्या परिचयाचीं आहेत. पोथीच्या अंतीं बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ‘ग्रंथाग्र’ लिहितात. मोजणी जुळली नाहीं तर पाठांत कांहीं गळलें किंवा घुसलें हें समजतें, परंतु कोणत्या पानावर तें समजत नाहीं. ही पॅरिटी झाली. क्रम, जटा, घन या पाठांत प्रत्येक पद मागच्या-पुढच्या पदांशीं उलटसुलट जोडून अनेकदां म्हटलें जातें, त्यामुळें चुकीची जागाही सांपडते व शुद्ध पदही हातीं येतें. पाठशाळेंत यासाठीं मूळ पाठाच्या कित्येक पट उच्चार करावा लागतो. हॅमिंगच्या रीतींत अष्टमांश अधिक जागेंत काम भागतें. साम्य यापलीकडे ताणूं नये. एकीकडे श्रद्धेनें जपलेली वाणी आहे, दुसरीकडे विजेचा हिशेब आहे. तथापि चूक होणारच हें गृहीत धरून तिच्यासाठीं आगाऊ जागा राखणें, ही बुद्धि दोहोंकडे एकच.

येथें एक ऐतिहासिक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. १९८१ च्या आय. बी. एम्. पर्सनल कॉम्प्युटरांत नववा बिट होता. मेमरींत चूक दिसली कीं तें यंत्र पडद्यावर तसा शब्द उमटवून जागच्या जागीं थांबे. म्हणजे सोळा किलोबाइटांचें तें गरीब यंत्रसुद्धां खोटी साक्ष देण्यापेक्षां मौन पत्करीत होतें. १९९० नंतरच्या दशकांत किमतींची चढाओढ लागली. नवव्या बिटाचा खर्च डोळ्यांत येऊं लागला, आणि सामान्य संगणकांतून तो काढून टाकण्यांत आला. वर्कस्टेशनें व सर्व्हर यांनीं तो राखला, इतकेंच नव्हे तर त्याच्या जागीं ई. सी. सी. आणली. सबब आमचें प्रतिपादन असें : आज जो भेद खरा उरला आहे, तो वर्कस्टेशनानें कांहीं नवें मिळविल्यामुळें तितका नाहीं, जितका पर्सनल कॉम्प्युटरानें एक जुनी गोष्ट सोडून दिल्यामुळें आहे.

ही गोष्ट सोडण्याची किंमत मोठ्या कामांत लगेच दिसते. २००३ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक संस्थेनें अॅपलचे ११०० पॉवर मॅक संगणक जोडून एक महायंत्र उभारलें. त्या वर्षीं नोव्हेंबरांत तें जगांतील तिसऱ्या क्रमांकाचें वेगवान यंत्र ठरलें. परंतु त्या संगणकांत ई. सी. सी. मेमरी नव्हती, पुढच्याच वर्षीं ते सर्व काढून त्यांच्या जागीं ती असलेलीं एक्ससर्व्ह यंत्रें बसविण्यांत आलीं. बेल्जममध्यें स्कारबेक येथें मे २००३ च्या निवडणुकींत एका उमेदवारास ४,०९६ मतें अधिक पडलेलीं आढळलीं. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे. दुसरें कारण न मिळाल्यामुळें मेमरींतील एक बिट आपोआप उलटला असावा, असें अनुमान करण्यांत आलें. ती संख्या शक्यतेच्या बाहेर गेली म्हणून चूक सांपडली. शक्यतेच्या आंत राहती, तर कोणासही शंका येती ना.

६. एका बिटानें काय होतें

हें सर्व महायंत्रांचें झालें. पोथ्यांच्या संग्राहकास त्याचें काय, असा प्रश्न येईल. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी पाहावी. तींत ‘ल’ व ‘ळ’ यांच्या अंकांत एकाच बिटाचें अंतर आहे. ‘श’ व ‘ष’ यांचें तसेंच, ‘म’ व ‘य’ यांचें तसेंच, ‘प’ व ‘फ’ यांचेंही तसेंच. हाताचा लेखक ज्या अक्षरांत घोटाळा करी, त्यांपैकीं कांहींत यंत्रही एका ठोकरीनें घोटाळा करूं शकतें. त्यांत फरक असा, कीं हाताच्या चुकीस वळण असतें व त्यावरून मूळ पाठाचें अनुमान करतां येतें. यंत्राच्या चुकीस वळण नाहीं, खाडाखोड नाहीं, शाईचा पालट नाहीं.

अंकांचें तर याहून वाईट. ० व १, २ व ३, ४ व ५, ६ व ७, ८ व ९ या प्रत्येक जोडींत एकाच बिटाचा भेद आहे. शके १५९६ हें राज्याभिषेकाचें वर्ष प्रत्येक वाचकास पाठ आहे. त्यांतील शेवटच्या अंकाचा एक बिट उलटला तर १५९७ होतें. तिसऱ्याचा उलटला तर १५८६. हें वर्ष प्रसिद्ध म्हणून कोणीही सुधारील; परंतु एखाद्या अप्रसिद्ध महजरावरील किंवा वतनपत्रावरील शक असा बदलला, तर तो सुधारणार कोण? मूळ कागद गेल्यावर त्या शकावरून उभा राहिलेला निर्णय पुढील संशोधकांस पिढ्यान्‌पिढ्या भोंवेल.

चित्ररूपानें साठविलेल्या पानांचा प्रकार निराळा आहे. न आंवळलेल्या चित्रांत एक बिट बदलला तर एखाद्या बिंदूचा रंग पालटेल, एवढेंच. परंतु जे. पी. ई. जी. सारख्या रीतीनें आंवळलेल्या चित्रांत त्या जागेपासून पुढचा भाग विस्कटण्याचा संभव असतो. म्हणजे जागा वांचविण्यासाठीं जितकें अधिक आंवळावें, तितका एका बिटाचा घात मोठा.

यावर कित्येक जण म्हणतात, कीं प्रत्येक फाइलीची चेकसम काढून ठेवली म्हणजे झालें. हा उपाय उत्तम आहे व तो प्रत्येकानें करावा. फाइलीच्या सर्व बिटांवरून एक लांबलचक अंक काढतात; फाइल बदलली कीं अंक बदलतो. परंतु त्याची मर्यादा ओळखावी. चेकसम म्हणजे पत्राच्या शेवटचा मर्यादेचा शिक्का. शिक्का झाल्यावर कोणी मजकूर घुसडला तर तो पकडला जाईल. शिक्का होण्यापूर्वींच मजकूर बिघडला असेल, तर तो बिघडलेल्या मजकुराचीच ग्वाही देईल. पान स्कॅनरांतून मेमरींत येतें, तेथें तिरपें असल्यास सरळ होतें, कडा कापल्या जातात, मग तें तबकडीवर लिहिलें जातें व त्यानंतर शिक्का होतो. मधल्या सर्व काळांत त्याची राखण मेमरीच करते. बिघाड तेथें झाला तर एका प्रतीवरून काढलेल्या दहा प्रती दहा साक्षीदार होत नाहींत. एकाच खोट्या साक्षीदाराचे दहा उच्चार होतात.

७. लक्षण व व्यवहार

आतां लक्षण करूं. जें यंत्र एका कर्त्याच्या मेजावर व त्याच्याच स्वाधीन असतें, जें दीर्घकाळ पूर्ण वेगानें चालण्याच्या बेतानें बांधलेलें असतें, आणि जें आपल्या मेमरींतील चूक स्वतः ओळखून सुधारतें किंवा निदान सांगतें, तें वर्कस्टेशन. पहिल्या पदानें सर्व्हर वगळला जातो, तिसऱ्यानें सामान्य संगणक. अमुक आलेखनाचें किंवा वैद्यकीय चित्रांचें सॉफ्टवेअर या यंत्रावर तपासून पाहिलें आहे, अशी प्रमाणपत्रें वर्कस्टेशनांबरोबर पुष्कळदां मिळतात. तींही त्याच वृत्तीचीं द्योतक होत, परंतु तीं उपलक्षण समजावीं.

या लक्षणावर अव्याप्तीचा आक्षेप येईल, कीं वर्कस्टेशन या नांवानें विकल्या जाणाऱ्या कित्येक यंत्रांत, विशेषतः मांडीवर घेण्याजोग्या यंत्रांत, ई. सी. सी. मेमरी नसते. त्यावर आमचें उत्तर असें, कीं तेथें तें नांव उपचारानें लावलेलें आहे. उलट कांहीं सामान्य प्रोसेसरही मदरबोर्डाची साथ असल्यास ही मेमरी चालवितात. असें यंत्र नांवानें पर्सनल कॉम्प्युटर असलें तरी आमच्या कामापुरतें तें वर्कस्टेशनच होय.

यास्तव संग्राहकानें पेटीवरील नांव वाचून संतुष्ट होऊं नये. प्रोसेसर, मदरबोर्ड व मेमरीची पट्टी या तिघांचीही ई. सी. सी. ला संमति पाहिजे. एकानें नकार दिला कीं बाकीच्या दोघांचा खर्च व्यर्थ. डी. डी. आर. ४ जातीच्या नेहमींच्या पट्टीवर आठ चिपा असतात तेथें ई. सी. सी. च्या पट्टीवर नऊ असतात, ही मोजून पाहण्यासारखी खूण आहे. डी. डी. आर. ५ जातीच्या मेमरींत चिपेच्या पोटांतच चुका सुधारण्याची सोय असते, तिच्या जोरावर विक्रेता ‘यांत ई. सी. सी. आहेच’ असें म्हणेल. ती सोय चिपेच्या आंतल्यापुरती असते. चिपेपासून प्रोसेसरापर्यंतच्या वाटेवर ती राखण करीत नाहीं. तेव्हां त्या शब्दानें फसूं नये.

प्रत्येकानें महाग यंत्रच घ्यावें, असाही आमचा अभिप्राय नाहीं. सूची चाळणें, पानें वाचणें, लेख लिहिणें, पत्रव्यवहार करणें, यांस सामान्य संगणक पुरेसा आहे. तेथें चूक झाली तरी मूळ फाइल शाबूत असते. परंतु जेथें मूळ प्रत निर्माण होते, म्हणजे स्कॅन उतरवून, सरळ करून, शिक्का करून पेढींत ठेवली जाते, तें एक ठिकाण तरी ई. सी. सी. चें असावें. पांच संग्राहकांनीं मिळून असें एक यंत्र ठेवलें तरी काम भागेल. ज्यांच्यापाशीं तेंही नाहीं त्यांनीं निदान महत्त्वाचीं पानें दोन निरनिराळ्या यंत्रांवर स्वतंत्रपणें उतरवून ताडून पाहावीं, मूळ चित्रें न आंवळतां ठेवावीं, आणि शक, सन व मित्या यांचा पडताळा मूळ कागद हयात आहे तोंवर डोळ्यांनीं करून घ्यावा.

८. उपसंहार

जुने लेखक पोथीच्या शेवटीं आपल्या दोषांची क्षमा मागत. आदर्शप्रतींत जसें होतें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष आपणांकडे नसावा, असा त्या प्रार्थनेचा भाव असे. ती वाचून पुढचा अभ्यासक सावध होई. संगणकाच्या प्रतीस अशी पुष्पिका नसते. ती सदैव स्वच्छ, सुबक व निःशंक दिसते, आणि याच कारणानें तिच्यावर अधिक लक्ष ठेवावें लागतें. वर्कस्टेशन व पर्सनल कॉम्प्युटर यांच्या चाळीस वर्षांच्या इतिहासांत पडदा, वेग, जाळें हे सर्व भेद आले व गेले. ‘माझी चूक झाली’ असें कोणतें यंत्र सांगतें व कोणतें सांगत नाहीं, हा एकच भेद राहिला. तो जाहिरातींत ठळक छापीत नाहींत. ज्यांनीं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यांत आयुष्य वेंचलें, त्या आमच्या वाचकांस मात्र तो क्षुल्लक वाटूं नये, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.